हात पुसण्याजोगा फोन

जेटीवर नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरात माशाचं खवलं कुठे सापडेल, सांगता येत नाही. डब्याच्या झाकणाला, चष्म्याच्या काडीला, छत्रीच्या घडीत. माझ्या घरी तर एकदा देवाच्या तबकात सापडलं! मुद्दाम कुणी गोळा करून आणत नाही, ती आपली आपण चिकटून घरी येतात. जेटीवरच्या किश्शांचंही तसंच आहे. जेवताना मध्येच एखादा आठवतो, मी एकटीच हसत सुटते आणि घरचे माझ्या ताटाकडे बघायला लागतात.

मी रत्नागिरीच्या बंदरावर मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात क्लार्क आहे. डिझेलची आणि बर्फाची टोकनं फाडते. माहेर संगमेश्वरचं, नद्यांच्या काठचं, त्यामुळे सोळा वर्षं खाऱ्या हवेत काढूनही जेटीवर माझी ओळख 'गोड्या पान्याची नीता' हीच! त्यात गेली चार-पाच वर्षं माझ्याकडे आणखी एक खातं आलंय, बिनपगारी. लोकांना रिंगटोन शोधून आणि कापून द्यायचं.

तुम्ही म्हणाल, मासेवाल्यांना आणि खलाशांना रिंगटोनची एवढी काय पडलीय? तसं म्हणत असाल तर तुम्ही मासे कापता कापता कधी फोन घेतलेला नाही.

*

सुरुवात इंदूकाकीपासून झाली. इंदूकाकी आमच्या बाजारातली जुनी मासेवाली. साठीच्या आसपास, आवाज खणखणीत, चष्मा कायम घरी. एक दिवस ती तरातरा ऑफिसात आली आणि माझ्या टेबलावर मोबाइल आपटला.

"सकाळपासनं सात वेळा हात पुसले गो मी. सात वेळा! पदर बघ कसा झाला तो. आनि फोनवर कोन? तर ती बाय! तुमचा प्याक संपला, म्हनतेय. अगो, माजी सुरमय अर्धी कापून ऱ्हायली तिच्या प्याकापायी!"

तिचं खरं होतं. ओलं बोट स्क्रीनला कळत नाही. म्हणजे विळी सोडायची, हात बादलीत बुचकळायचे, फडक्याला पुसायचे, तेवढ्यात फोन बंद. पुन्हा मासा हातात घ्यावा तर पुन्हा सुरू! स्क्रीनवरचं नाव वाचावं तर चष्मा घरी.

"वाजल्याबरोबर कळलं पायजे कोन हाय ता," काकीने हुकूम सोडला. "मग मी ठरवीन, हात पुसायचे का नाय."

तेव्हा मला रिंगटोनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आठ दिवस खटपट करून शिकले आणि एका दुपारी काउंटर बंद करून आम्ही दोघी तिची यादी करायला बसलो. मुंबईतल्या मुलासाठी त्याचाच आवाज मागवला, "आई, उचल." रोज मासे नेणाऱ्या खानावळवाल्यासाठी कावळा. नवरा बर्फाच्या कारखान्यात कामाला, म्हणून त्याच्यासाठी बर्फ फोडायचं मशीन. अनोळखी नंबर असेल तर नुसतंच ट्रिंग ट्रिंग.

काकीने फोनांचे तीन वर्ग पाडले. काही वाजू द्यायचे. काही नाकाने उचलायचे, म्हणजे हात ओलेच ठेवून खाली वाकायचं आणि नाकाचा शेंडा स्क्रीनवर ओढायचा. आणि काही हात पुसण्याजोगे. मुलाचा फोन हात पुसण्याजोगा. खानावळवाला नाकाचा.

"आणि काकांचा?" मी विचारलं.

काकीने जरा विचार केला. "नाकानंच उचलीन," ती म्हणाली. "चाळीस वर्सं झाली, आता काय नवीन सांगनार हायत?"

*

यादीत शेवटचं नाव राहिलं, शेवंताकाकी.

शेवंताकाकी म्हणजे इंदूकाकीची जन्माची मैत्रीण. दोघी नाटे गावच्या, एकाच वाडीतल्या. एकाच वर्षी लग्न होऊन रत्नागिरीला आल्या, आणि बाजारात दोघींच्या सासवा शेजारी शेजारी बसायच्या म्हणून ह्याही शेजारी शेजारी. दोन ओटे, मध्ये पाच फूट जागा, वर एकच प्लास्टिकचं कापड, बर्फाचा डबाही दोघींत एक. बडबड सकाळी सहाला सुरू व्हायची. थांबायची फक्त दुपारी दोनला, कारण शेवंताकाकी जेवून ओट्यावर आडवी व्हायची आणि घोरायची.

ते घोरणं साधं नव्हतं! आधी लांबून बोट आल्यासारखं गुरगुर, मग जोरात, आणि शेवटी एक बारीक शिट्टी. बाजारातल्या मांजरीसुद्धा त्या शिट्टीला कान टवकारायच्या.

"हिला हाच आवाज लाव," इंदूकाकी म्हणाली.

मी खाली बाजारात गेले, झोपलेल्या शेवंताकाकीजवळ मोबाइल धरला, ऑफिसात येऊन मागचंपुढचं कापून टाकलं. शिट्टीसकट आठ सेकंद! माझ्या कारकिर्दीतलं ते सगळ्यात सुरेख काम. बाजारात जो तो ऐकायला यायचा. शेवंताकाकीला मात्र पत्ता नव्हता, कारण फोन करणारी तीच. ती फोन करणार तेव्हा ती इंदूकाकीजवळ नसणारच!

आम्ही वर्षभर पोट धरून हसलो. त्या हसण्याचं मला आज वाईट वाटतं, ते का ते पुढे येईलच.

*

बातमी पसरायला जेटीवर वेळ लागत नाही. दुसरं गिऱ्हाईक आलं दादू तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. दादूची अडचण वेगळी. समुद्रात इंजिनाच्या आवाजापुढे त्याला फोन ऐकूच यायचा नाही.

मी त्याला ढोल दिला, ताशा दिला, फटाक्यांची माळ दिली. रोज येऊन सांगायचा, "नाय ऐकू येत गो!" शेवटी तोच म्हणाला, "माज्या बोटीचा भोंगा घे की!"

मी जेटीच्या टोकाला जाऊन उभी राहिले. दादूने तीनदा भोंगा दिला, मी तो मोबाइलवर घेतला. समुद्रात उत्तम चालला. पण मोबाइलला काय माहीत आपण समुद्रात आहोत की जमिनीवर?

आमच्याकडे तीन भोंगे म्हणजे बोट सुटतेय. आला तो आला, राहिला तो राहिला. दुसऱ्या दिवशी दादू चहाच्या टपरीमागे उभा असताना त्याचा फोन वाजला. तीन भोंगे! त्याचे सातही खलाशी हातातलं टाकून धावत सुटले. एक जण तर न्हाव्याकडून अर्धी दाढी तशीच घेऊन आला, एका गालाला साबण! दोर सोडला, इंजिन चालू केलं, ओहोटीने बोट दहा हात बाहेर. तांडेल केबिनमध्ये आहे असं प्रत्येकाला वाटत होतं.

इकडे टपरीमागे दादू फोनवर, "काय? कोथिंबीर? बरं, आनतो." फोन ठेवून वळून बघतो तर बोट चालली!

त्याने हाका मारल्या, पण इंजिनापुढे कोण ऐकतोय! फोन लावले, ते कुणाला ऐकू येईनात. सात जणांना सात फोन करून दमल्यावर त्याने आठवा मला केला.

"नीताबाय," धापा टाकत म्हणाला, "ह्यांच्या पन मोबाइलला भोंगा लावून देशील काय?"

*

मग आमच्या चेअरमन साहेबांनाही हौस आली. त्यांना पदाला शोभेलसं काहीतरी हवं होतं. सनई ऐकवली तर म्हणाले, "लग्नाला चाललोय काय मी?" शंख ऐकवला तर म्हणाले, "नको, तिरडी आठवते." अकरा आवाज नापास केले आणि बाराव्याला स्वतःच तोडगा काढला. गेल्या वार्षिक सभेतलं त्यांचं भाषण कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य त्यांना कापून हवं होतं.

मी दिलं कापून. "बंधू आणि भगिनींनो!" असा गंभीर आवाज खिशातून यायचा आणि साहेब आधी दोन क्षण ऐकून घ्यायचे, मग उचलायचे.

पण कापताना माझी एक चूक झाली. एकाच वाक्यावर थांबायचं ते पुढची दोनही आत राहिली. साहेब फोन लगेच उचलायचे म्हणून कधी लक्षात आलं नाही.

पुढची वार्षिक सभा आली. जेटीवर दिवे का नाहीत म्हणून लोक तावातावाने विचारत होते, साहेब व्यासपीठावर उभे राहून समजावत होते, आणि मोबाइल राहिला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. नेमका तेव्हा वाजला!

"बंधू आणि भगिनींनो! मी आज शब्द देतो. एका महिन्याच्या आत आपल्या जेटीवर दिवे लागलेले असतील!"

साहेब मोबाइलकडे झेपावले. तेवढ्यात मागच्या रांगेतून दादू तांडेल ओरडला, "साहेब, उचलू नका! पुरता ऐकूं दे!"

*

आता तो साखरपुडा.

शेवंताकाकीच्या मुलीचं जमलं. मुलगा जयगडच्या बंदरात नोकरीला, घरचं माणूस न माणूस शिकलेलं. शेवंताकाकीला त्याचं फार दडपण आलं होतं. आठ दिवस आधीपासून ती आम्हाला बजावत होती, "हळू बोला हां. बाजारातल्यासारख्या नको."

देवळाच्या सभागृहात सगळे जमलो. विहीणबाई समोर खुर्चीवर, शेवंताकाकी नवी साडी सावरत त्यांच्यापुढे उभी. पेढे आणायचे होते इंदूकाकीने, आणि ती दिसेना. म्हणून शेवंताकाकीने हळूच तिला फोन लावला.

इंदूकाकी तिच्या पाठीमागेच उभी होती! पेढ्यांचे बॉक्स मांडत. मोबाइल खांद्याच्या पिशवीत.

पिशवी घोरायला लागली. आधी गुरगुर, मग जोरात, मग शिट्टी. आणि परत पहिल्यापासून.

विहीणबाईंनी इकडेतिकडे बघितलं. "कोण झोपलंय हो?"

आणि आमच्या सोसायटीत मासे वजन करणारे गजाभाऊ, ज्यांच्या तोंडाला झाकण म्हणून देवाने दिलेलंच नाही, ते आनंदाने म्हणाले, "अरे, ही तर शेवंताकाकी!"

सभागृह हसलं. विहीणबाईसुद्धा हसल्या. हसली नाही ती एकटी शेवंताकाकी. माणसाला आपलं घोरणं कधी ऐकू येत नाही, आणि आपला फोन दुसऱ्याकडे कुठल्या आवाजात वाजतो हेही कळत नाही. तिला दोन्ही एकदम कळलं, तेही विहिणीसमोर.

ती मागे वळली. "इंदू," म्हणाली, "आजपासनं तुज्याशी एक शबुद बोलनार नाय मी."

बोलली नाही. शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागायला गेले, म्हटलं, "काकी, कापलं मी होतं." ती म्हणाली, "तू गोड्या पान्याची. तुला काय कळतंय? तिला कळायला होवं होतं."

*

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासून जेटीवर साथ आली. काकीसारखे माणसागणिक आवाज एव्हाना सगळ्यांनीच लावून घेतले होते, त्यामुळे जो तो दुसऱ्याला गाठून विचारायचा, "तुज्याकडं माजी कुठची हाय?" समोर उभं राहून एकमेकांना फोन लावून बघायचे! कुणाचा निघाला बोकड, कुणाचा फुटक्या पत्र्यावरचा हातोडा. एका दिवसात मी तेवीस रिंगटोन बदलल्या आणि बर्फाची टोकनं फाडायची राहिली.

सगळ्यात जास्त घाबरले ते गजाभाऊ. त्यांनी जेटीवरच्या एकेकाला समोर उभं करून फोन लावला. दादू तांडेल, चहावाला, मासेवाल्या, चेअरमन साहेब, मी. भोंगा आणि भाषण त्या भानगडींनंतर केव्हाच काढून टाकली होती, त्यामुळे सगळीकडे तेच वाजलं, साधं ट्रिंग ट्रिंग! कुणीच त्यांच्यासाठी काही लावलं नव्हतं.

आम्हाला वाटलं, सुटले बिचारे. तर ते तोंड पाडून माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"एवढी वर्सं मी ह्यांचे मासे वजन करतोय," म्हणाले. "म्हंजे मी कोनीच नाय काय?"

मी समजूत घातली, "अहो गजाभाऊ, चांगलंच आहे ना! कुणी चेष्टा करत नाही तुमची."

"चेष्टा करायला पन मानूस आठवावा लागतो," ते म्हणाले आणि खिडकीतून बाजारावर ओरडले, "शेवंताकाकीला घोरनं तरी हाय!"

शेवंताकाकी ओट्यावर बर्फ पसरत होती. तिचा हात थांबला. मान वर केली नाही, पण थांबला हे मी पाहिलं. मग परत ती बर्फ पसरायला लागली.

*

दोन बायका बोलत नाहीत म्हणून बाजारातले ओटे काही हलत नाहीत. सासूची जागा ती सुनेची जागा. त्यामुळे दोघी पाच फुटांवर, पाठीला पाठ लावून. कापड एक आणि बर्फाचा डबा एक, तेव्हा बोलल्याशिवाय भागायचं कसं? मग मधे गिऱ्हाइकं घालायच्या.

एकदा पुण्याचे एक गृहस्थ पापलेट घेत होते. शेवंताकाकी त्यांना म्हणाली, "भाऊ, त्या बाईला सांगा, कापड तिच्या बाजूनं ओढायला. माज्या मासळीवर ऊन आलं."

त्या भल्या माणसाने वळून सांगितलं. इंदूकाकी म्हणाली, "त्यांना सांगा, ओढतंय. आनि सांगा, तो पिवळा बोका तुमच्या टोपलीकडं बघतोय."

गृहस्थ परत इकडे वळले. पाच-सात फेऱ्या झाल्या. त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला, शेवटी तर ते किंचाळायलाच लागले. मी ऑफिसातून धावत गेले, म्हटलं, काय झालं?

घाम पुसत म्हणाले, "अहो, दोघींनाही अजिबात ऐकू येत नाही वाटतं!"

लोक हसले. मी हसले नाही. त्या दोघी पहाटेपासून दुपारपर्यंत गप्प बसलेल्या मला बघवत नव्हत्या. इंदूकाकीला मी बाजूला घेतलं. "काकी, दे मोबाइल, ते घोरणं काढून टाकते. म्हणजे तिला सांगता येईल की काढलं."

काकीने मोबाइल पदराआड घेतला. "काढतेस कशाला?" म्हणाली. "तिचा फोन वाजला, तर मला कळायला नको काय?"

*

असं दीड वर्ष गेलं. मग एक दिवस इंदूकाकीचा मोबाइल बर्फाच्या डब्यात पडला तो कायमचाच गेला. मुलाने मुंबईहून नवा पाठवला. मी परत सगळी यादी लावून दिली. बर्फाचं मशीन नव्याने घेतलं, मुलाने "आई, उचल" परत पाठवलं, कावळे तर काय, जेटीवर हवे तेवढे.

"झालं काकी," मी म्हटलं.

"नाय झालं."

घोरणं जुन्या मोबाइलबरोबर गेलं होतं. माझ्याकडेही नव्हतं, साखरपुड्यानंतर मी लाजेने पुसून टाकलं होतं. काकी टेबलाच्या पलीकडे खुर्ची ओढून बसली ती हलेना.

"परत घे," म्हणाली.

"काकी, मी? आता? ती मला समुद्रात ढकलेल!"

"दोन वाजता जा. पन उजव्या कुशीवर निजली असंल तरच. डाव्या कुशीवर घोरत नाय ती. लहानपनापासनं."

काय करणार! दोन वाजता मी दबक्या पावलांनी खाली गेले. शेवंताकाकी डाव्या कुशीवर. मी तिच्या ओट्यामागे उकिडवी बसले. हातात मोबाइल, समोर कापलेल्या माशांची डोकी, आणि पिवळा बोका माझ्याकडे बघतोय. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती कूस बदलेना, माझ्या पायाला मुंग्या आल्या.

आणि शेवंताकाकीने एक डोळा उघडला.

"काय गो?"

"काही नाही काकी. किती वाजले बघतेय."

ती माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली. "तिचा फोन पान्यात गेला म्हनं."

"हो."

"तिनं पाठवलंन तुला?"

मी बोक्याकडे बघायला लागले. खोटं बोलायला सुचलं नाही आणि खरं बोलायचा धीर झाला नाही.

शेवंताकाकीने डोळा मिटला. एक उसासा टाकला आणि उजव्या कुशीवर वळली. मिनिटभरात घोरायला लागली. गुरगुर, मग जोरात, मग शिट्टी, अगदी पहिल्यासारखी. मी आठ सेकंद घेतले, बटण बंद केलं.

मी बटण बंद केलं आणि घोरणंही थांबलं!

*

त्यानंतर महिनाभर काहीच नाही. मी रोज खिडकीतून बघायची. पाठीला पाठ तशीच, मधे पाच फूट तसेच. इंदूकाकीचा मोबाइल विळीशेजारी ठेवलेला असायचा. कावळा ओरडला की ती नाकाने उचलायची, मुलाचा आला की हात पुसायची, आणि मधूनच, काहीही वाजलेलं नसताना, त्याच्याकडे नजर टाकायची.

गेल्या रविवारी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. इंदूकाकी एका बाईंसाठी सुरमई कापत होती. मोठी सुरमई, अर्धी झालेली. बाकीची मासळी तिच्या पाठीमागे टोपलीत. शेजारी शेवंताकाकी गिऱ्हाईक संपवून बसली होती. गजाभाऊ काट्यापाशी, दादू तांडेल त्यांच्याशी गप्पा मारत, मी खिडकीत.

इंदूकाकीचा मोबाइल घोरायला लागला.

पहिल्या गुरगुरीलाच आख्ख्या बाजाराने शेवंताकाकीच्या ओट्याकडे बघितलं. झोपलीय का? नव्हती झोपली. ताठ बसली होती, इंदूकाकीकडे पाठ करून. कानाला मोबाइल.

घोरणं चढत गेलं. शिट्टी झाली. परत पहिल्यापासून सुरू झालं. बाजार एवढा गप्प मी सोळा वर्षांत पाहिला नाही. गजाभाऊंनी तोंड उघडलं, तर दादूने आपला पंजा त्यांच्या तोंडावर दाबून धरला.

मला वाटलं, इंदूकाकी आता नाकाने उचलते. बंद होईल, काकी, उचल लवकर, मी मनात म्हणतेय. तिने विळी बाजूला सारली. हात बादलीत घातले नाहीत. प्यायच्या पाण्याची बाटली उचलली आणि हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. पदराची ओली बाजू सोडून कोरडी शोधली आणि एकेक बोट पुसलं. तिसऱ्यांदा शिट्टी झाली. शेवंताकाकी आपलंच घोरणं ऐकत बसली होती. तिचा कान लाललाल झाला होता, पण फोन तिने कापला नाही.

इंदूकाकीने फोन उचलला. कानाला लावला. मग म्हणाली, "बोल."

पाच फुटांवरून, पाठ तशीच ठेवून, मान जराशी मागे करून, शेवंताकाकी मोबाइलमध्ये म्हणाली, "तुज्या टोपलीत बोका बसलाय. बांगडं खातोय."

इंदूकाकीने टोपलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"खाऊं दे त्याला," ती म्हणाली. "तू बोल."